नाना कधी ‘नाही’ म्हणाले नाहीत

गेली तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या वतीने ‘मी’ लिहिते आहे. ‘मी, खाली सही करणार’, ‘मी वरील ठिकाणी कायम राहत असून’, ‘मी विनंती करते की’. आज स्वतःबद्दल लिहायला बसले तर पहिल्याच ओळीला पेन अडलं. भीतीही आहे. हे छापून आलं की गावात वाचलं जाईल, आणि ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते वाईट माणूस नाहीत. या अंकाच्या संपादकांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, नावं बदल आणि लिही. नावं बदलली आहेत, भीती तशीच आहे.

मी मुरबाडला कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. सकाळी कॉलेज आणि दुपारी बारापासून संध्याकाळच्या धसईच्या एसटीपर्यंत तहसील कचेरीजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात काम. दुकानात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दाराशी एक टेबल. ते टेबल माझं. तिथे मी अर्ज लिहून देते.

लोकांना वाटतं, अर्ज लिहिणं म्हणजे नाव-गाव उतरवणं. खरं तर निम्मं काम विचारण्याचं असतं. माणूस येतो आणि म्हणतो, दाखला पायजे. कसला, ते त्याला माहीत नसतं. कोणी मागितला, कशासाठी मागितला, असं करत करत त्याच्या कामापर्यंत पोचावं लागतं. अर्जात तीन गोष्टी लागतात. कोणाकडे मागताय, काय मागताय आणि कशाच्या आधारावर मागताय. तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. तिच्या जागी ते ‘कृपा करून’ घालायला सांगतात. आणखी एक नियम मी पहिल्याच आठवड्यात शिकले. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यायचा. एक कचेरीत द्यायची, दुसरीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेऊन ती घरी आणायची. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही, असं समजायचं.

माणसं तऱ्हेतऱ्हेची येतात. किन्हवलीकडचे एक गृहस्थ आले होते. त्यांची थोडी जमीन आमच्या तालुक्यात होती आणि शेजाऱ्याने वहिवाटीच्या वाटेला कुंपण घातलं होतं. त्यांनी मला विषय सांगितला: ‘तक्रार करण्यास परवानगी मिळणेबाबत.’ मी म्हटलं, काका, तक्रारीला परवानगी लागत नाही, सरळ तक्रारच लिहूया. त्यांना ते पटेना. आधी परवानगी, मग तक्रार, अशी रीत असते असं त्यांनी मलाच समजावलं. मला हसू आलं. ते रागावून शेजारच्या दुकानात गेले आणि तिथे त्यांना हवं तसं लिहून मिळालं. महिन्याभराने परत दिसले. परवानगीचं उत्तर आलं नव्हतं, म्हणून तक्रार अजून केलीच नव्हती.

एक माझ्याच वयाची बाई आली होती. सगळा फॉर्म भरून झाल्यावर तिने विचारलं, नवऱ्याने सही कुठे करायची? मी म्हटलं, या फॉर्मात तशी जागाच नाही. ती फॉर्म उलटसुलट करून बघत राहिली. मग झेरॉक्सच्या कोऱ्या मागच्या बाजूवर तिने स्वतःची सही चार वेळा गिरवली आणि पाचव्यांदा फॉर्मवर केली. तेव्हाही मला गंमत वाटली होती. आता वाटत नाही.

त्याच दिवसांत कॉलेजात सर आम्हाला स्वातंत्र्य ही संकल्पना शिकवत होते. परीक्षेला दोन अर्थ पाठ करायचे होते. पहिला, आपल्याला कोणी अडवत नाही. दुसरा, आपलं आयुष्य आपल्याला चालवता येतं, म्हणजे शिकता येतं, ठरवता येतं, ठरवलेलं पार पाडता येतं. मला दुसरा अर्थ जवळचा वाटायचा. ग्रंथालयात जायला मला कोणी अडवत नाही, पण तिथली निम्मी पुस्तकं इंग्रजीत आहेत. नुसतं दार उघडं असून माझं भागत नव्हतं.

मग एक दिवस सरांनी विचारलं, समजा एका गुलामाला फार चांगला मालक मिळाला. तो मारत नाही, ओरडत नाही, गुलामाला हवं ते करू देतो. तर तो गुलाम स्वतंत्र झाला का?

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, रविवारची सुट्टी देतो का?”

वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, सगळं देतो, आता सांगा.  शेवटी सरांनीच तिसरा अर्थ सांगितला. कोणी अडवतं का, एवढाच प्रश्न नाही. उद्या त्याच्या मनात आलं तर तो अडवू शकतो का, हा प्रश्न आहे. चांगल्या मालकाचा गुलाम सुखात असेल, पण त्याचं सुख मालकाच्या मर्जीवर आहे. मी ते वहीत उतरवून घेतलं. उतरवताना मला आमच्या गावचे नाना आठवले, आणि मी वही मिटली. नाना कोणाचे मालक नाहीत आणि आम्ही कोणाचे गुलाम नाही. तसं मनात आलं याचीच मला लाज वाटली.

आमचं गाव धसईच्या अलीकडे आहे. माझे वडील नानांच्या शेतावर लावणीपासून झोडणीपर्यंत कामाला असतात. मी जिथे काम करते ते दुकान नानांच्या भाच्याचं, दिलीपदादांचं. नानांनी शब्द टाकला म्हणून ते टेबल मला मिळालं. आणि गावाच्या वरच्या अंगाला माळावर नऊ घरांची कातकरी वाडी आहे, तो माळही नानांच्या सातबाऱ्यावर आहे.

वाडीची एक रीत होती. काहीही करायचं तर आधी नानांच्या कानावर घालायचं. कुडाच्या जागी विटा रचायच्या, हळदीचा मांडव घालायचा, जळणाला फांदी तोडायची, शेळी बांधायला खुंट ठोकायचा, नानांना विचारून यायचं. नाना ओटीवर बसलेले असत. ते म्हणत, करा की, मला काय विचारता. नाना कधी ‘नाही’ म्हणाले नाहीत. वाडीतली माणसं हे अभिमानाने सांगायची, आणि ते खरंही होतं. न विचारता कोणी काही केलं तर काय होईल, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं, कारण तसं कोणी केलंच नव्हतं.

ठमाकाकी त्या वाडीतली. पन्नाशी ओलांडलेली, सडसडीत. माझ्या आईबरोबर लावणीला असते, म्हणून मी तिला काकी म्हणते. भाताला कणसं धरली होती तेव्हा एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना. दर शनिवारी नानांचे दोन्ही मुलगे कल्याणहून माणसं घेऊन येतात आणि माळ दाखवतात, हे गावाला ठाऊक होतं. आता तिच्या चुलीच्या मागे कोणीतरी हद्दीची रंगवलेली खुंटी ठोकून गेलं होतं.

“फारमहाऊस करनार म्हनं,” ती म्हणाली. “माजी चूल खुंटीच्या अल्याड धरायची का पल्याड, ते मला समजना.”

ग्रामसभेत एका साहेबांनी सांगितलं होतं की, दुसऱ्याच्या जागेत वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनी घराखालची जागा नावावर होण्यासाठी अर्ज करावा. मुदत दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत होती. दिवाळी झाली की वाडी वीटभट्टीवर जाते, ती पावसाच्या तोंडाशी परत येते. तोवर माळावर काय उभं राहिलेलं असेल, याचा भरवसा नव्हता.  मी काकीला म्हटलं, सगळ्यांचे अर्ज मी लिहिते.

नऊ अर्ज मी वाडीत बसून लिहिले. अर्जात एक प्रश्न होता, जागामालकाकडून राहण्यास काही अडथळा होतो का? प्रत्येक घराने एकच उत्तर दिलं. नाय, नाना देवमाणूस. मी नऊ वेळा ‘नाही’ लिहिलं. सरांचा पहिला अर्थ धरला तर ही नऊ घरं तालुक्यातली सगळ्यात स्वतंत्र घरं ठरली असती.

अंगठे झाले. शाई पुसता पुसता काकीचा दीर भिवा म्हणाला की, आता हे एकदा नानांच्या कानावर घालू. सगळ्यांनी माना हलवल्या. इथे मी थांबवायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. ज्यांच्यामुळे मला काम मिळालं त्यांच्या पाठीमागे हे चाललंय, ही टोचणी त्यामुळे जाणार होती. प्रती काढायच्या राहिल्या होत्या. त्या सोमवारी दुकानात काढू म्हटलं आणि मूळ कागद घेऊन आम्ही रविवारी सकाळी नानांच्या ओटीवर गेलो. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला दहा वेळा बजावलं असतं.

नानांनी सगळ्यांना चहा दिला. चष्मा लावून वरचा अर्ज पूर्ण वाचला, मग खालचे नुसते चाळले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. दुखावलेला होता, आणि ते बघणं जास्त अवघड होतं.

“मी कधी हाकललं का तुमाला?” त्यांनी विचारलं.

भिवा घाईघाईने नाय नाय म्हणाला. बाकीचे खाली बघत होते. काकीने कप बाजूला ठेवला.

“नाय हाकललं,” ती म्हणाली. “तुमी हाव तवर कोन हाकलंल? पन तुमच्या मागं आमी कोनाच्या ओटीवर यायाचं, नाना?”

 नानांनी अर्ज नीट जुळवले, घडी घातली आणि बाजूच्या पंचांगाखाली ठेवले.

“शनवारी पोरं येतील. त्यांच्या कानावर घालतो,” ते म्हणाले. “तवर हितंच राहू दे.”

मुदत शुक्रवारची होती. हे त्या ओटीवर एकट्या मला नेमकं माहीत होतं. नानांनाही आता कोणालातरी विचारावं लागतंय, हे माझ्या मनात चमकून गेलं, पण बोलायचं ते हे नव्हतं. ‘नाना, कागद द्या,’ एवढंच बोलायचं होतं. सगळे उठले. मीही उठले. नानांनी मला विचारलं, अभ्यास कसा चाललाय? मी म्हटलं, चांगला. त्या सकाळी ओटीवर मी बोललेला तो एकच शब्द.

माळाच्या चढावर काकी माझ्याबरोबर चालत होती. शनिवारी दिले तर चालतील का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, शुक्रवार शेवटचा.

“मंग तू का नाय बोललीस गो?”

“तूही नाही बोललीस काकी.”

“मला ठावं नव्हतं. तुला ठावं होतं.”

तिने हे रागाने म्हटलं नाही. तरी मला त्या रात्री जेवण गेलं नाही. वर्गात मी तीन अर्थ पाठ केले होते, आणि ओटीवर मला तीन शब्द उच्चारता आले नव्हते. मला कोणी अडवलं नव्हतं. नाना ओरडले असते असंही नाही. पण माझं टेबल, वडिलांचं काम, सगळं त्यांच्या एका शब्दावर उभं होतं आणि माझ्या जिभेला ते माझ्याआधी कळलं होतं. सरांनी सांगितलेला तिसरा अर्थ मला तेव्हा खरा समजला, आणि तो समजून अजिबात आनंद झाला नाही.

मंगळवारपर्यंत मी अर्ज पुन्हा लिहून काढले, या वेळी दोन-दोन प्रतींत. परत वाडीत गेले. एक घर तोवर, दिवाळीचीही वाट न बघता, कुलूप लावून भट्टीवर निघून गेलं होतं. भिवाने अंगठा द्यायला नकार दिला. कागद नानांकडं हायती, ते बघतील, असं तो म्हणत राहिला. मी त्याला समजावत होते आणि मनातून मला त्याच्यावर रागावता येत नव्हतं. सात अंगठे मिळाले.

शुक्रवारी काकी आणि मी कचेरीच्या खिडकीशी रांगेत होतो. पुढे पाच-सहा जण होते आणि जेवणाची सुट्टी जवळ आली होती. माझं सगळं लक्ष घड्याळात. काकीने हळूच विचारलं, दुसरे कागद केले ते नानांना सांगायचं का? मला खरंच माहीत नव्हतं. सांगावं असंही वाटत होतं आणि सांगू नये असंही.

काकीनेच उत्तर दिलं. “सांगायचं. पन आदी शिक्का पडू दे.”

सात शिक्के पडले. संध्याकाळी ती एकटी ओटीवर गेली आणि अर्ज दिल्याचं सांगून आली. आयुष्यात पहिल्यांदा ती नानांकडे विचारायला न जाता सांगायला गेली होती. नाना ‘बरं’ म्हणाले, दुसरं काही नाही. त्या ‘बरं’चा अर्थ काय असेल, यावर वाडी तीन दिवस बोलत होती.

दिवाळीनंतर महिन्याभराने अर्जांवर हरकत आली. नक्कल काढून मीच वाचली. टाइप केलेली होती. ‘सदर इसम केवळ माझ्या मेहेरबानीने राहत असून त्यांचा कोणताही हक्क नाही.’ खाली नानांची सही. हे शब्द नानांचे नव्हते, मुलांच्या वकिलाचे असणार. पण सही त्यांची होती, शाळेत त्यांनीच मला बक्षीस दिलेल्या वहीवर मी ती पाहिली आहे.

काकी त्या वर्षी भट्टीवर गेली नव्हती. मुलगा-सून गेले, ती घर राखायला राहिली. हरकत वाचून दाखवताना ती कोसळेल असं मला वाटत होतं. तिने ती दोनदा वाचून घेतली.

“नानांची सही हाय?”

“आहे.”

“म्हंजे नाना नाय म्हनले.”  तिने डोळे पुसले, पण आवाज स्थिर होता. “मंग बरं झालं. व्हय म्हनत होते तवर भांडता येत नव्हतं.”

मी हे वाक्य दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी ते फळ्यावर लिहावं असं मला वाटत होतं. त्यांनी लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, तिच्याबरोबर सुनावणीला कोण जाणार?

दुकानात दिलीपदादांना सगळं कळलं होतं. त्यांनी एका दुपारी गल्ला बंद करता करता म्हटलं, मी तुला काही बोलणार नाही, तूच समजून घे. त्यांनी रागावून काढून टाकलं असतं तर निदान एकदाचं झालं असतं. तेव्हापासून रोज बारा वाजता दुकानाच्या पायरीवर मी आधी दाराशी बघते. आज टेबल असेल का? अजून आहे. दादा चांगले वागतात. मी आधीपेक्षा जास्त काम करते, लवकर येते, कमी बोलते. त्यांनी यातलं काहीच मला सांगितलेलं नाही.

सात अर्जांपैकी काकीच्या एकटीच्या अर्जाची सुनावणी पहिल्यांदा लागली. नोटीस आली तेव्हा तिने विचारलं, वर नाव कोनाचं? मी दाखवलं. अर्जदार म्हणून तिचं नाव वर होतं, हरकतदार म्हणून नानांचं खाली. तिला अक्षर येत नाही, पण दोन्ही नावांवर तिने बोट ठेवून पाहिलं. हे लिहून देईपर्यंत निकाल लागलेला नाही, पुढची तारीख पडली आहे. निकाल काय लागेल या काळजीने माझी झोप मोडते. पण मला सांगायचं आहे ते सुनावणीच्या दिवशी सकाळचं.

अकराला हजर राहायचं होतं. आम्ही दोघी नऊलाच फाट्यावर येऊन उभ्या होतो. नोटिशीत लिहिलं होतं की, गैरहजर राहिल्यास एकतर्फी निर्णय होईल. ते मी काकीला वाचून दाखवलं होतं आणि आता पस्तावत होते, कारण ती सारखी रस्त्याकडे बघत होती. साडेनऊची गाडी पावणेदहा झाले तरी नव्हती. शेअरच्या दोन जीप गेल्या, दोन्ही मागे लटकलेल्या माणसांनी भरलेल्या.

तेवढ्यात नानांची गाडी आली आणि आमच्यासमोर थांबली. पुढे ड्रायव्हर, मागे नाना एकटे, धुतलेला सदरा घालून. त्यांनी दार आतून उघडलं.

“ठमे, चल बस,” ते म्हणाले. “मी पन तिथंच चाललोय. एसटीचा काय नेम? पोरी, तू पन बस.”

त्यात काहीही डाव नव्हता. मी शपथेवर सांगेन. त्यांनी आम्हाला उन्हात उभं बघितलं आणि गाडी थांबवली, जशी ते कायम कोणासाठीही थांबवतात. मी घड्याळात पाहिलं, आणि माझा पाय गाडीच्या पायरीवर गेला. मी ठरवलं नव्हतं, तो आपोआप गेला.

काकी जागची हलली नाही.

“नाय नाना,” ती म्हणाली. “तुमी व्हा म्होरं. आमी येतो.”

नाना तिच्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायरीवरच्या पायाकडे पाहिलं आणि वाट बघितली. तो वेळ फार लांब होता. मी पाय खाली घेतला. मला ‘नाही’ म्हणता आलं नाही, नुसता पाय खाली घेतला. नानांनी हळूच दार ओढून घेतलं आणि गाडी गेली.

रस्ता परत मोकळा झाला. दहा वाजून गेले.  मी म्हटलं, काकी, उशीर झाला आणि त्यांनी तुझं नाव पुकारलं तर?

काकीने नोटिशीची पिशवी काखेत घट्ट धरली आणि लांबून गाडी दिसते का ते बघायला डांबराच्या कडेपर्यंत पुढे गेली.

“तर आपला सोताचा उशीर झाला म्हनायचं,” ती म्हणाली. “मला पन लई भ्या वाटतंय गो. तू हितंच माज्याजवळ उबी रहा.”